मुके मीटर

“वाजला. आता बोला.”

आमच्या गल्लीतल्या काकांकडे बंद पडलेली कोणतीही वस्तू घेऊन गेलं की पहिलं वाक्य हेच. तुम्ही मिक्सर कुशीत धरून उभे, घरी चटणी अर्धवट वाटलेली, आणि काका मिक्सरकडे बघायलाही तयार नसत. ते आधी खिळ्यावरचा मीटर काढत. त्याच्या लाल आणि काळ्या वायरींची टोकं एकमेकींना टेकवत. मीटरनं ‘पीं’ केलं की मान हलवत. वाजला, म्हणजे मीटर शाबूत, वायरी शाबूत, आता तुमची तक्रार ऐकून घ्यायला हरकत नाही.

टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी अमरावतीच्या आपल्या घराच्या वऱ्हांड्यात एक टेबल टाकलं होतं. भिंतीवर ओळीनं खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एक मीटर. काट्याचा, आकड्यांचा, चिमट्यासारखा वायरीला कवेत घेणारा. सगळ्यांत जुना पिवळा, नागपूरहून आणलेला, कोपरे झिजून गुळगुळीत झालेला. वायरी मीटरभोवती गुंडाळलेल्या त्यांना खपत नसत. “गळा नोका आवळू त्याचा,” म्हणत आणि वायर सोडवून सैल वेटोळं करून ठेवत.

टेबलाच्या एका टोकाला जुन्या टीव्हीचा रिकामा डबा होता. पडदा आणि पोटातलं सगळं काढून घेतलेलं. त्यात त्यांची मांजर झोपे. मीटर वाजला की झोपेतच तिचा एक कान त्या बाजूला वळे आणि परत जागेवर येई. डोळे उघडण्याइतकी किंमत तिनं त्या आवाजाला कधी दिली नाही.

काकांचा एक क्रम होता. “मशीनले नाव ठेवाच्या आंधी मीटर पाहा. मीटरले नाव ठेवाच्या आंधी वायर पाहा. वायरले नाव ठेवाच्या आंधी आपला हात पाहा.” मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे क्रमानं आलेली गोष्ट मला पटकन पाठ होते. कळते असं नाही.

त्यांच्या नादानं मीही एक मीटर घेतला. तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशीत असले शौक लावून घेतलेत त्यांना सांगायला नको, पहिल्या दिवशी मी घरातलं दिसेल ते मोजलं. रिमोटचे सेल, घड्याळाचा सेल, स्कूटरची बॅटरी. दुसऱ्या दिवशी भिंतीतला प्लग मोजायला गेलो. फाट्कन आवाज झाला, घरातले दिवे गेले आणि माझ्या हातात काळं पडलेलं टोक राहिलं. बायको आतून म्हणाली, “तुमाले इतिहासच बरा आहे.”

काकांनी मीटर हातात घेऊन फक्त लाल वायर कुठे खोचलीय ते पाहिलं.

“मास्तर, हे भोक करंट मोजाचं. इथं वायर घातली का मीटर मीटर नाही राहत, सरळ तार होऊन जाते. तुमी प्लगच्या दोन भोकात तार घातली.”

“आता?”

“आता काही नाही. पोटातला फ्यूज गेला, तुमी वाचले. अशी चूक फक्त मीटरवालाच करू शकते. बाकी लोकं सुखात आहेत.”

काकूंचं माहेर तिवस्याचं. आवाज बारीक, पण धारेचा. कोपरा वळून गेलेल्या भाजीवाल्याला त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून परत बोलावत, आणि तो येई. पण त्याच आवाजात त्यांनी “जेवाले या” म्हटलं तर वऱ्हांड्यातले काका मान वर करत नसत. मग काकू येऊन टेबलाशी उभ्या राहत.

“तोंडातल्या तोंडात काय बोलून राह्यली वं? खुल्ला बोलत जाय.”

“आता काय भोंगा लावू?” काकू हसून म्हणत. माझ्या बायकोजवळ मात्र त्या हसत नसत. “भाजीवाला माह्या आवाजानं मांगं फिरते, अन् यायले घरातल्या घरात ऐकू येत नाही. मीच बोलनं कमी करून टाकलं आता.”

आणि खरंच त्यांनी केलं. ताट वाढलं की टेबलावर दोनदा टकटक करत आणि आत जात. काकांना ते फार सोयीचं वाटलं.

त्याच सुमारास मीटर मुके व्हायला लागले.

पहिल्यांदा पिवळा गेला. मी तिथेच होतो. काकांनी टोकं टेकवली, मीटर ‘पीं’ करून ओरडला, डब्यातल्या मांजरीचा कान वळला आणि काकांनी मान खाली घातली.

“गेला बिचारा.”

“काका, वाजला ना.”

“काय वाजला? तुमचा मोबाइल असन.”

त्यांनी मीटर उघडला, चौकोनी सेल बदलला, आवाजाची चकती घासली, परत टोकं टेकवली. परत वाजला. मी परत तोंड उघडलं, पण तोवर ते स्वतःशीच म्हणत होते, “शून्य त दाखवते बरोबर. पन वाचा गेली.” पिवळा मीटर टेबलाखालच्या पोत्यात गेला. नवा आला. तोही त्यांच्या मते मुकाच निघाला. मग दुसरा. “आजकाल चकतीच हलकी टाकून राह्यले,” काका म्हणत आणि आकडे बघून काम चालवत. त्यांच्या कामात चूक नव्हती. मिक्सर चालू होत, पंखे फिरत. फक्त ‘वाजला, आता बोला’ बंद झालं. भिंतीवरचे खिळे रिकामे होत गेले आणि पोतं भरत गेलं. मशीन, मीटर, वायर, हात, सगळं त्यांनी क्रमानं तपासलं होतं. त्या क्रमात कान नव्हता.

अकोल्याहून त्यांची मुलगी आली की म्हणे, “बाबा, एकदा कान दाखवू.”

“कावून? मले मास्तरचं सारं ऐकू येते. मास्तर, बोला बरं काही.”

मी वर्गात लावायच्या आवाजात विचारलं, “काका, चहा घेता?”

“घेतो ना. पाह्य, आलं का ऐकू?”

माझा आवाज जाड. शेवटच्या बाकावरच्या झोपलेल्या मुलासाठी कमावलेला. पोरीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. तिचा आवाज आईवर गेला होता.

काकूंचं दुखणं फार दिवसांचं नव्हतं. दवाखान्यात त्या सकाळी काका उशाशी बसले होते आणि मी पायथ्याशी, औषधांची पिशवी घेऊन. मुलगी अकोल्याहून निघाली होती. काकूंनी डोळे उघडले, काकांचं मनगट धरलं आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात, पण अगदी स्पष्ट म्हणाल्या, “माह्यामांगं इथं एकटे राहू नोका. अकोल्याले पोरीजवळ जाऊन राहा. जासान ना?”

“हो, हो,” काका म्हणाले. काकूंच्या हातावर थोपटलं आणि लगबगीनं बाहेर गेले. डोळे पुसायला गेले असतील, म्हणून मी मागे गेलो नाही. थोड्या वेळानं ते भांड्यात पाणी घेऊन आले. तोवर काकूंनी डोळे मिटले होते. मुलगी पोचली तेव्हा त्या बोलण्याच्या पलीकडे गेल्या होत्या.

तेरवी झाल्यावर मुलीनं विचारलं, “बाबा, चलता ना अकोल्याले?”

“मी कायले येऊ? माहं सारं इथंच आहे.”

तिनं दर महिन्याला विचारलं आणि दर महिन्याला तेच उत्तर घेऊन ती परत गेली. मी दवाखान्यातलं बोलणं घरी बायकोला सांगितलं होतं. बायकोनं गल्लीत सांगितलं नसेल असं मी म्हणणार नाही. मरणाऱ्या बाईला हो म्हणून शब्द फिरवला, असं काकांबद्दल लोक दबक्या आवाजात बोलत. खरं तर दबक्या आवाजाची काही गरज नव्हती. भाजीची वाटी द्यायला गेलेली माझी बायको आता दारातूनच परत येई. मुलीशी बोलावं असं मला वाटे. पण तो नवराबायकोतला शब्द होता, मी मध्ये कोण, असं म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसायला मला नेहमीच भारदस्त कारण सापडतं.

मग एका उन्हाळ्यात आमच्या कूलरची पाण्याची मोटर बंद पडली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती बंद पडली की माणूस मान-अपमान विसरून दुरुस्तीवाल्याकडे जातो. मी दुपारीच गेलो. काकांसमोर कोराच मीटर होता, डब्यातून नुकता काढलेला. त्यांनी टोकं टेकवली.

पीं.

“हाही मुका,” काका म्हणाले आणि पोतं ओढायला वाकले. वाकताना त्यांची नजर टीव्हीच्या डब्यावर गेली. मांजर झोपली होती. तिचा वळलेला कान नुकता जागेवर येत होता.

काका तसेच थांबले. सरळ होऊन त्यांनी पुन्हा टोकं टेकवली. ह्या वेळी ते मीटरकडे पाहत नव्हते. मांजरीचा कान वळला. टोकं वेगळी केली, कान परत आला. पुन्हा टेकवली. कान वळला.

मग त्यांनी पोतं उपडं केलं. एकेक मीटर घ्यायचा, सेल घालायचा, टोकं टेकवायची, मांजरीकडे पाहायचं आणि मीटर खिळ्यावर टांगायचा. मी हातात मोटर धरून उभा होतो, पाणी माझ्या चपलेवर टपटपत होतं. शेवटी पिवळा आला. तोही वाजला. तेवढ्यात मांजर कंटाळली, उठली आणि आळस देऊन आत निघून गेली.

“मास्तर, सारेच वाजून राह्यले?”

“हो काका.”

“पयलेपासून?”

“पहिल्यापासून.”

काकांनी पिवळ्या मीटरवर तळहात फिरवला, लहान पोराच्या डोक्यावर फिरवावा तसा.

“म्हनजे तुमची काकूही नीटच बोलत होती,” ते म्हणाले.

त्यांनी एक वायर उगाच सरळ केली.

“दवाखान्यात तुमी होते तथी. मनगट धरून काही म्हनली ते मले. काय म्हनली?”

मी सांगितलं. जसंच्या तसं, ‘जासान ना’ पर्यंत. माझ्या जाड आवाजात ते फार वाईट वाटलं.

“अन् मी काय म्हनलं?”

“हो म्हणालात.”

काका भिंतीवरच्या मीटरांकडे पाहत राहिले. “मले वाटलं, पानी मांगून राह्यली,” ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्या हातातली मोटर घेतली, पिवळ्या मीटरनं तपासली, आतली तुटलेली तार जोडून दिली. टोकं टेकवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“वाजला?”

“वाजला, काका.”

“मंग न्या.”

त्याच आठवड्यात ते अकोल्याला गेले. मीटर गल्लीत वाटून टाकले, माझ्यासारख्यालाही एक दिला, लाल वायरीच्या भोकाजवळ रंगाचा ठिपका देऊन. पिवळा तेवढा सोबत नेला. मांजरीला न्यायचं म्हणत होते, पण निघायच्या वेळी ती सापडली नाही. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसली.

मुलीनं त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. डॉक्टर म्हणाले, उंच, बारीक आवाज आधी जातात. लवकर आले असते तर सवय व्हायला सोपं गेलं असतं. मी अकोल्याला भेटायला गेलो तेव्हा काका त्या मशीनचा गोळीएवढा सेल मीटरनं मोजत होते. रोज सकाळी मोजूनच घालत. मशीन कानात घालून त्यांनी पिवळ्या मीटरची टोकं टेकवली, कान देऊन ऐकलं आणि हात हलवला.

“येते थोडासा. पन तो आवाज नाही हा.”

आतून मुलगी काही म्हणाली. काका लगेच उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले आणि तिच्या तोंडाकडे पाहत म्हणाले, “काय म्हनली, बाई? पुन्हा सांग.” त्या दुपारभरात मी त्यांना कितीतरी वेळा असं उठताना पाहिलं. बसल्या जागेवरून ‘हो’ म्हणताना एकदाही पाहिलं नाही.

ह्या थंडीत ते गेले. फोन आला तेव्हा मी शाळेत होतो. पुढचा तास मी घेतला, पण काय शिकवलं ते आठवत नाही.

त्यांच्या वऱ्हांड्यात आता दुसऱ्याची मोटारसायकल उभी असते. भिंतीवर खिळे तसेच आहेत.

परवा आमच्या इस्त्रीची वायर गेली. मी त्यांनी दिलेला मीटर काढला, ठिपका पाहिला, टोकं टेकवली. पलंगाखाली झोपलेल्या मांजरीचा कान वळला आणि परत आला. “वाजला,” मी म्हणालो. ऐकायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको काही बोलली. “हो, हो,” असं माझ्या तोंडातून निघालंसुद्धा. मग मी मीटर खाली ठेवला, उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो.

“काय म्हणालीस?”

ती चमकून वळली. “काही नाही. हरभरे भिजू घालाचे आहेत, आठवन द्या म्हटलं.”