योकुपची खूण

तेलकंपनीनं हानुसला एक नारिंगी जॅकेट दिलं होतं. ते अंगावर चढवूनच तो मेंढ्यांना गवत टाकायचा, बटाटे उकरायचा आणि दुकानात दूध आणायलाही जायचा. त्याच्या बायकोनं, मार्यूननं, एकदा ते माळ्यावर टाकून दिलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खुंटीवर हजर.

"चांगलं आहे गं. थेंबभर पाणी शिरत नाही त्यात," हानुस म्हणाला.

"तुझ्या डोक्यातही नाही शिरत काही," मार्यून म्हणाली.

उत्तरेच्या थंड समुद्रातल्या सुदुरोय बेटावरच्या त्यांच्या गावाला तेलानं एवढंच दिलं: एक जॅकेट, आणि बंदरावर एक लांबलचक नवा धक्का, ज्याला आता कुणाची बोट लागत नाही.

बँका बुडाल्या त्या वर्षीपासून हानुस घरी बसला होता. मासेमारीच्या ज्या मोठ्या ट्रॉलरवर तो दुय्यम कप्तान होता, ती लिलावात गेली. मासे साफ करायच्या कारखान्यात मार्यून उभी असायची, तोही बंद पडला. गावातली निम्मी तरुण पोरं ट्रंका भरून डेन्मार्कला गेली. अशा वेळी बातमी आली की बेटांच्या दक्षिणेला, समुद्राच्या तळाखाली तेल असावं. 'असावं' एवढाच शब्द होता, पण तेवढ्यावर लोकांनी घरांना रंग काढले. मंत्री आले, धक्क्याची कोनशिला बसली. मार्यूनची शेजारीण सान्ना वरच्या दोन खोल्या परदेशी इंजिनिअरांना भाड्यानं द्यायच्या म्हणून नवे पडदे शिवून बसली.

आधी पाहणीचं जहाज येणार होतं. मागे मैलोन्‌मैल तारा सोडून ते संथ चालायचं, पाण्यात हवेचे बार उडवायचं, आणि तळाखालच्या खडकावरून येणारा आवाज टिपून घ्यायचं. वाटेत कुणाचे गळांचे दोर असले तर तुटणार. म्हणून जहाजावर एक इथला माणूस ठेवायचा होता, जो वायरलेसवरून आपल्या बोटींना सांगेल, बाजूला व्हा, दोर काढा. हानुसला ते काम मिळालं. बऱ्याच वर्षांनी त्यानं दाढी नीट केली.

निघायच्या आदल्या दिवशी तो स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसला. मार्यून कॉड मासा उकडत होती.

"दक्षिणेच्या उथळ पाण्याची सगळी कड ते तपासणार," तो म्हणाला. "ऐन मे महिन्यात. दान्यालचे दोर तिथंच कुठंतरी असतात ना?"

दान्याल म्हणजे मार्यूनचा थोरला भाऊ. त्याची बोट आईच्या नावाची होती, 'मालान', आणि दर मे महिन्यात ती अशी काही भरून यायची की धक्क्यावरचे लोक गप्प होऊन बघायचे. कुठून आणतो, हे कुणी विचारत नसे. तसं विचारायची रीतच नाही. प्रत्येक घराची आपली एक खूण असते: अमका कडा तमक्या सुळक्यामागे गेला, आणि दीपगृह नेमकं क्षितिजाखाली बुडालं, की खाली गळ सोडायचे. ती बाप मुलाला सांगतो, तीही बोटीत, वाऱ्यात, जमिनीवर कधी नाही. आता जागा सांगणारी यंत्रं आली तरी लोक यंत्रातला आकडासुद्धा धक्क्याला लागण्याआधी पुसून टाकत.

मार्यूनला घरची खूण ठाऊक होती. ती सोळा-सतरा वर्षांची असताना दान्याल ग्रीनलंडच्या बोटींवर गेला होता, आणि तिच्या बापाला, योकुपला, वल्ह्यावर दुसरं माणूस नव्हतं. दोन उन्हाळे तिनं वल्ही मारली. योकुप फार बोलणारा माणूस नव्हता. परतताना एकदाच म्हणाला, "खूण बाईला सांगायची नसते. बाई दुसऱ्या घरी जाते, तिच्याबरोबर खूणही जाते. तू पाहिलीस ती पाहिलीस. तोंडातून काढू नकोस." तिनं काढली नव्हती. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, तरी हानुसला ती खूण माहीत नव्हती. योकुप जिवंत असेपर्यंत त्यानं जावयाला बोटीत एकदाही घेतलं नव्हतं. "याच्या तोंडाला झाकण नाही," असं तो मुलीसमोरच म्हणायचा.

"मला माहीत नसेल तर मी वाचवू कसा?" हानुस म्हणाला. "जहाज जाईल सरळ त्याच्या दोरांवरून. बारांनी मासे पळतील ते वेगळंच. महिना फुकट जाईल त्याचा. तू म्हणत असशील तर जाऊ दे."

मार्यूननं भांड्याखालचा जाळ बारीक केला. भावाचा महिना वाचावा हे तर होतंच. पण एवढ्या वर्षांनी घरात काही चांगलं आलं होतं, नवरा तिच्याकडे काही मागत होता, आणि त्याला देण्यासारखं तिच्याजवळ काही होतं, हेही होतं. तिनं ओल्या बोटानं नकाशावर जागा दाखवली. खूण कशी धरायची तेही सांगितलं, कारण नुसतं बोट ठेवल्यानं त्याला कळेना.

गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात बोटींचा वायरलेस लागलेला असे. बायका त्यावरूनच नवरे कधी येणार ते ओळखून बटाटे चुलीवर ठेवत. मे महिन्याच्या मध्यावर एका सकाळी मार्यून कणीक मळत होती. हानुसचा आवाज आला, खणखणीत, दाढी केल्यासारखा.

जहाजाभोवती फिरणाऱ्या राखणीच्या बोटीला तो सांगत होता की जहाज उद्या वळसा घालून जाईल. राखणीवाल्यानं विचारलं, एवढं कुणासाठी? आणि हानुसनं समजावलं. मेव्हण्याचे दोर आहेत, जुनं ठिकाण आहे, मे महिन्यात तिथं कॉड थरावर थर असतो. समोरच्याला नेमकं कुठं ते कळेना, तेव्हा त्यानं दक्षिणेचा कडा सांगितला, सुळका सांगितला, दीपगृह कधी बुडायला पाहिजे ते सांगितलं. "माझ्या शब्दावर वळवलं जहाज," असंही शेवटी म्हणाला.

मार्यूनचे हात कणकेतच राहिले. भिंतीपलीकडे सान्नाच्या घरातही तोच आवाज येत होता. बेटावरच्या साऱ्या घरांत येत होता, आणि समुद्रावरच्या प्रत्येक बोटीत.

दुपारी सान्ना आली. इथं दार कुणी वाजवत नाही, ती सरळ आत येऊन बाकावर बसली.

"तुझ्या हानुसचा आवाज काय छान येतो गं," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी तर पेन्सिल शोधली."

पाहणी झाली, जहाज गेलं. पुढच्या मे महिन्यात योकुपच्या खुणेवर शेजारच्या सांदोय बेटावरच्या बोटी होत्या, उत्तरेच्या होत्या, सान्नाच्या नवऱ्याची होती. दान्यालला आपले दोर टाकायला जागा शोधावी लागली. त्याच्या पुढच्या वर्षी तिथं कुणालाच काही लागलं नाही.

पण त्याआधीच, हानुस जहाजावरून घरी आला त्याच आठवड्यात, दान्याल आला होता. येऊन नेहमीच्या जागी बसला. टोपी काढली नाही.

"कुणी सांगितलं तुला?" त्यानं हानुसला विचारलं.

मार्यून चुलीकडे तोंड करून उभी होती. आता वळून बोलायचं, एवढंच काम होतं. तिनं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं.

"तुझ्या बापानंच," हानुस म्हणाला.

"बाबांनी? तुला?"

"शेवटच्या हिवाळ्यात. मी बसायला जायचो ना त्यांच्यापाशी. म्हणाले, तूही मला मुलासारखाच. म्हणाले, दोघांना माहीत असलेली बरी." हानुसला एकदा सुरू झालं की थांबता येत नसे.

"मला म्हणाले होते, फक्त तुला सांगतोय," दान्याल म्हणाला. कॉफी न पिता उठला. जाताना मार्यूनच्या खांद्यावर हात ठेवून गेला. तिच्याबद्दल त्याच्या मनात कसलाच संशय नव्हता.

"तुझ्यासाठी बोललो," हानुस म्हणाला. "मेलेल्या माणसाचं काय जातं?"

मार्यूनलाही त्या दिवशी तसंच वाटलं, किंवा तिनं तसं वाटून घेतलं. दान्यालच्या बैठकीत योकुपचा फोटो होता. तो फोटो उतरला आणि भिंतीवर फिका चौकोन राहिला. नाताळात सगळे कबरीवर दिवे लावायला गेले तेव्हा त्यानं आईपाशी दिवा ठेवला आणि शेजारच्या दगडाकडे पाठ केली. मार्यूननं गुपचूप आपल्याजवळचा दिवा तिथं लावला. दर रविवारी ती भावाकडे कॉफीला जात होती, आणि "म्हातारा आतल्या गाठीचा निघाला" हे ऐकून घेत होती.

पुढे खोदाईचा मोठा मनोरा आला. 'मालान'ला मासे मिळत नव्हते, म्हणून दान्यालनं ती राखणीला लावली. उन्हाळाभर तो त्या मनोऱ्याभोवती गोल गोल फिरला. विहीर कोरडी निघाली. रेडिओवर साहेब म्हणाले की गॅसच्या खुणा आहेत, अभ्यास चालू राहील. पुढे आणखी एक खोदली, तीही तशीच. मनोरा गेला. सान्नाचे पडदे उन्हानं विटले. दान्यालनं बोट विकली.

"अजून थोडं खोल जायला हवं होतं," हानुस प्रत्येकाला सांगायचा. "घाई केली त्यांनी."

दान्यालच्या मुलाला, बाइनिरला, मुलगा झाला. घरातला पहिला नातू. मेलेल्या पणज्याचं नाव द्यायचं हे इथं कुणी ठरवत बसत नाही, ते ठरलेलंच असतं. बाइनिरच्या बायकोनं बाळासाठी विणलेल्या टोपीत 'य' घातलाही होता. दान्याल म्हणाला, "ते नाव माझ्या घरात नको. दुसरं कुठलंही ठेवा."

बाइनिर आत्याकडे आला. "तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात. पणजोबांनी असं काय केलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्यून भावाकडे गेली. तो घरामागच्या खोपटात होता. फळ्यांच्या फटींतून वारा खेळत होता आणि आढ्याला मेंढ्यांच्या तंगड्या वाळत टांगल्या होत्या. दान्यालनं एक खाली काढली होती, वरची बुरशी खरवडत होता.

"बरी जमली आहे यंदा," तो म्हणाला. "थांब, देतो." त्यानं पातळ चकती कापली.

"नाव योकुपच ठेव," मार्यून म्हणाली.

"त्यासाठी आली असशील तर जा."

"बाबांनी हानुसला काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं."

त्याचा हात थांबला. "तुला कुठून माहीत?"

"तू ग्रीनलंडला होतास. वल्ही मी मारत होते. माझे डोळे बांधून बसवणार होते का ते?"

"तू सांगितलंस."

"तुझे दोर वाचावेत म्हणून. तो असं जगजाहीर करेल—"

"त्याच्या तोंडाला झाकण नाही हे बाबांना माहीत होतं. तुला नव्हतं?"

मार्यूनला माहीत होतं.

"बोट गेली त्याचं मी काही म्हणत नाही," दान्याल म्हणाला. "पण इतकी वर्षं माझ्या टेबलाशी बसून माझी कॉफी प्यालीस. मी त्यांना शिव्या घालत होतो आणि तू साखर ढवळत होतीस." कापलेली चकती अजून सुरीवर होती. ती त्यानं स्वतःच खाल्ली, सावकाश चावून. मग तंगडी परत आकड्याला लावली आणि ती बाहेर पडेपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

बारशाचं बोलावणं फोनवर आलं. हानुसनं घेतलं. 'हो, हो' म्हणाला, मग "आणि मार्यून?" म्हणाला, मग नुसतं ऐकत राहिला.

"मला एकट्याला बोलावलंय," तो म्हणाला. "दान्याल म्हणतो, तू बायकोसाठी खोटं बोललास, नवऱ्यानं बोलावंच. आणि जहाज तर मी त्याच्याचसाठी वळवलं होतं, ते त्याला पटलं आता." त्याच्या आवाजात थोडा आनंद होता, तो त्याला लपवता आला नाही. "मी नाही गेलो तरी चालेल. तू म्हणशील तसं."

"जा," मार्यून म्हणाली. "शर्ट इस्त्री करून देते."

चर्च खिडकीतून दिसतं. माणसं आत गेली, दार लागलं. मार्यून बटाटे सोलत बसली. ते दोघांना पुरून उरतील एवढे झाले, तरी सोलत राहिली. दार उघडलं तेव्हा बाळाचं पांढरं लांब झबलं वाऱ्यावर उडालं. कुणाच्या हातात बाळ होतं ते इतक्या लांबून कळलं नाही.

हानुस संध्याकाळी आला, गाल लाल झालेले. हातात कागदी रुमालानं झाकलेली ताटली.

"केक पाठवलाय बाइनिरच्या बायकोनं. आत रूबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा आहे. आधी सूप होतं, मग मेंढीचं भाजलेलं, मग—"

"नाव काय ठेवलं?"

"योकुप. पाद्र्यानं दोनदा म्हटलं. पहिल्यांदा पोर रडत होतं, ऐकू आलं नाही."

"बाळ कुणी धरलं होतं?"

"सान्नानं. त्यांना कुणीतरी बाई हवी होती ना घरच्यासारखी."

मार्यूननं रुमाल काढला. केक उभ्याउभ्याच खाल्ला, सगळा. ताटली तिच्या आईची होती, निळ्या काठाची, दान्यालच्या वाट्याला गेलेल्या संचातली. तिनं ती धुतली, पुसली, दिव्याखाली धरून कुठं कपचा उडाला नाही ना ते पाहिलं.

"ही परत द्यायला हवी," ती म्हणाली.

"मी देईन की," हानुस बूट काढत म्हणाला. "उद्या जाणारच आहे मी तिकडं."