ठकूला 'हळू बोल' म्हणायचं नाही

आमचं शेवटचं बोलणं पेणच्या दवाखान्यात झालं. पहिली शिफ्ट संपवून मी रोह्याहून पेणला पोहोचले, तेव्हा आई उशीला टेकून बसल्या होत्या आणि नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला बघितल्याबरोबर त्यांनी तो हनुवटीवर ओढला आणि विचारलं, "काय गो, मंदारनं काय ठरवलं? राक्षस बांध फोडून आत आले का अजून बाहेरच हायेत?" नर्स बिचारी सलाईन बघत होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, सकाळपासून आजी भ्रमात आहेत. सारखं राक्षस राक्षस करतायत." मी म्हटलं, "भ्रमात नाहीत हो त्या. राक्षस आहेतच." तिनं माझ्याकडंही जरा संशयानं बघितलं. आई तोवर रंगात आल्या होत्या. "तिला तिथं एकटी उभी नका ठेवू! सांग त्याला!" आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. मग ती नर्स जे बोलली ते आमच्या घरात रविवारी कुणी बोलायचं नसतं... "आजी, जरा हळू बोला."

आई आणि मी एकमेकींकडं बघून अशा काही हसलो, की आईंना दम लागला, मास्क परत चढवावा लागला आणि मला बाहेर काढलं. दारातून मागं वळून पाहिलं तर मास्कच्या आत अजून हसतच होत्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या. प्रशांतचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या लॅबमध्ये होते. तो फक्त "आई..." एवढंच म्हणाला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुनंदा. त्यांना जाऊन आता महिना उलटला. सासूवर चांगलं लिहिणारी सून तू पहिलीच, असं मैत्रीण म्हणाली. असेन. आमची भांडणं आळीनं ऐकलेली आहेत, मी काही लपवत नाही. पापडाच्या पिठात मीठ किती, इथपासून आम्ही भांडलोय. पण ज्या बाईबरोबर खांद्याला खांदा लावून मी राक्षस मारले, त्या बाईबद्दल गप्प बसणं मला जमायचं नाही.

हे राक्षसांचं प्रकरण नीट सांगते. माझ्याबरोबर लॅबमध्ये मंदार आहे. कॉलेजच्या होस्टेलवर असताना तो एक खेळ शिकला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी योद्धा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि अडलं की फासे टाकून काय झालं ते ठरवायचं. मंदार गोष्ट सांगायचा, त्याची बायको नीलम आणि मी खेळायचो. रविवारी दुपारी, आमच्याच घरी, नदीच्या बाजूच्या खोलीत. आई चहा घेऊन यायच्या आणि दाराशी रेंगाळायच्या. एकदा कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "मघापासून ऐकते. तुम्ही दोघी नुसत्या लपता. एक तरी मारणारी नको का तुमच्यात?"

मंदार लगेच म्हणाला, "आई, तुम्हीच या ना." मला वाटलं, आता टोमणा येणार. पण बाईंनी पदर खोचला, खुर्ची ओढली आणि बसल्या. मंदारनं पात्रांचे प्रकार वाचून दाखवायला सुरुवात केली. जादूगार नको, वैदू नको, चोर तर नकोच. मग तो अडखळला. "हा बार्बेरियन. मराठीत काय म्हणू... रानटी." आईंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "रानटी?" त्या म्हणाल्या. "मना रानटी पाहिजे."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'मना' ऐकलंच नव्हतं. आई मूळच्या खारेपाटातल्या, कासू स्टेशनवर उतरून खाडीकडं जावं लागतं तिकडच्या. पण लग्न होऊन रोह्याच्या भरवस्तीत आल्या आणि बोली मागं टाकून दिली. एवढंच मला ठाऊक होतं.

मग पात्र घडवायला बसलो. ताकद, चपळाई, अक्कल, असे गुण असतात. फाशांवर आलेले आकडे आपल्या मर्जीनं त्यांच्यात वाटायचे. आईंनी सगळ्यात मोठा आकडा ताकदीला दिला आणि सगळ्यात छोटा अकलेला. मंदार म्हणाला, "आई, अक्कल अगदीच कमी होतेय." त्या म्हणाल्या, "राहू दे. अक्कल तुम्हा तिघांकडं हाय ना? सगळ्यांनी अक्कलच आणली तर चिखल कोण उचलल?" शस्त्र विचारलं तर कुऱ्हाड नको, फावडं. नाव विचारलं तर क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "ठकू." नीलमला हसू आवरेना. "अहो आई, योद्धीचं नाव ठकू?" "का गो? ठकूनं कुणाला मारू नये?"

शेवटी राग. रानट्याची खरी खासियत तीच. ठरावीक वेळा तो रागानं पेटू शकतो, आणि पेटला की त्याचा मार दुप्पट आणि त्याला लागतं कमी. आई म्हणाल्या, "लागत नाय हे खरं हाय. पण ठरावीक वेळाच?" मी म्हटलं, "मंदार, आमच्या घरच्या रानटीला ते बंधन नाही, मला विचार." त्यांनी मला एक चापट मारली आणि परत विचारलं, "पण राग कशानं येतो?" मंदार म्हणाला, "कशानंच नाही आई. तुम्ही म्हणायचं, मला राग आला." ते काही त्यांना पटेना. "असा कसा उगाच येल? रागाला कारण लागतं." जरा विचार केला आणि म्हणाल्या, "लिही. ठकूला कुणी 'हळू बोल' म्हटलं, का तिला राग येतो."

असा तो नियम झाला. मंदारच्या गोष्टीत कुणी माजोरडा सरदार, कुणी राजवाड्यातला शिपाई आईंच्या ठकूला म्हणायचा, "बाई, हळू बोला," आणि आम्ही कप उचलून धरायचो. आई उभ्या राहायच्या, उजवा हात वर जायचा आणि हाक यायची. "खांड गेलीऽऽ रेऽऽ! धावाऽऽ!" भरतीच्या पाण्यानं खाडीचा बांध फुटला की त्या भगदाडाला खारेपाटात खांड म्हणतात. खारं पाणी शेतात शिरलं तर पुढची पिकं गेली, म्हणून ही हाक ऐकली की हातातला घास टाकून सगळ्या गावानं चिखल उचलायला धावायचं. आईंची ती हाक खरोखर नदीपलीकडं जायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा समोरच्या घरातला माणूस चपला न घालता आमच्या दारात आला होता.

मंदारनं ठकूसाठी एक प्लॅस्टिकची बाहुली मागवली. उघडाबंब, दाढीवाला, कमरेला कातड्याचा तुकडा. आई म्हणाल्या, "ह्याला थंडी नाय वाजत?" आणि सरळ जोह्याला गेल्या, ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यात. तिथल्या कारागिराला बोटभर उंचीची बाई सांगितली, कासोटा घातलेली, डाव्या हातात फावडं. त्यानं शाडूची केली, झकास केली. पण जन्मभर गणपती केलेला हात तो! उजवा हात आशीर्वादाचा झाला, आणि पातळ झालं पीतांबराच्या पिवळ्या रंगाचं, कारण तोच रंग कालवलेला होता. चूक लक्षात आल्यावर तो ओशाळला, दुसरी करून देतो म्हणाला. आई म्हणाल्या, "नको. हाक मारताना हात असाच वर जातो." त्या दिवसापासून ठकू आमच्या टेबलावर तथास्तु म्हणत राक्षस मारायची.

ठकू कोण, हे मात्र आम्हाला भाऊबीजेला कळलं. त्या वर्षी भाऊबीज रविवारी आली होती, प्रशांतचे मामा गावाहून आले होते आणि आम्ही खेळत बसलो होतो. मंदार म्हणाला, "आता ठकूची पाळी." मामा सुपारी कातरत होते, ते थबकले. "तुम्हाला हिचं नाव कोणी सांगितलं?" आम्ही सगळ्यांनी आईंकडं बघितलं. आई फासे खुळखुळवत राहिल्या. मग मामांनीच सांगितलं. आईंचं माहेरचं नाव ठकू. त्यांचा आवाज गावात सगळ्यात लांब जायचा, म्हणून खांड गेली की वडील त्यांनाच बांधावर उभं करायचे. बाकीचे चिखल घेऊन धावायचे आणि ही पोर पाणी हटेपर्यंत हाका मारत राहायची. लग्नात प्रशांतच्या आत्याबाईंना हे नाव रुचलं नाही, 'ठकू काय, लोक हसतील,' म्हणून ताटात तांदूळ पसरून 'सुनंदा' लिहिलं गेलं. नव्या सुनेनं परसातल्या माणसांना जेवायला हाक मारली ती बाजारपेठेपर्यंत गेली. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या, "रानटीच आणलीय गो ही. हळू बोल म्हणावं तिला."

मला इतका संताप आला, की मी म्हटलं, "आई, तुम्ही ऐकून कसं घेतलंत?" त्या म्हणाल्या, "तेव्हा फावडं नव्हतं हातात." आणि फासे टाकले. अशी बाई! मला तेव्हा त्यांचा जो अभिमान वाटला तो आजही लिहिताना छातीत मावत नाही.

गेल्या वर्षी आईंचं हृदय कमजोर झाल्याचं निघालं. प्रशांत म्हणाला, "बस झालं, खेळ बंद. दम लागतो तरी ओरडतेस." तो वाईट नाही हो, आईवेडा आहे. लहानपणापासून घरात जे ऐकलं तेच त्याच्याही तोंडात बसलेलं, "आई, हळू." आई एवढंच म्हणाल्या, "सगळा जन्म हळू बोलले रे तुमच्यात. रविवारचं तेवढं ठेव." पुढच्या रविवारपासून तो आतल्या खोलीत टीव्ही लावून बसायचा, आणि हाक ऐकू आली की पाण्याचा पेला भरून आणायचा, आईंच्या हातात द्यायचा आणि परत जायचा. खेळाला कधी बसला नाही. पेला मात्र एकदाही चुकला नाही.

आईंच्या शेवटच्या रविवारी गोष्ट अशा जागी थांबली होती, की राक्षसांनी बांध फोडायला घेतलाय, गाव झोपलेलं आहे आणि बांधावर ठकू एकटी. पुढचं पुढच्या वेळी, असं मंदार म्हणाला. पुढची वेळ यायच्या आत आईंना पेणला न्यावं लागलं.

दिवसकार्याला आत्याबाई आल्या, आता पार थकल्यात. आईंच्या फोटोशेजारी मी ठकूला ठेवलं होतं. पिवळं पातळ, वर केलेला हात... आत्याबाईंना अंधुकच दिसतं. त्यांना वाटलं देवी आहे. त्यांनी ठकूला हळदकुंकू वाहिलं, वाकून नमस्कार केला आणि मला विचारलं, "ही कुठली गो?" मी म्हटलं, "आईंच्या माहेरची." प्रशांत माझ्या मागं उभा होता. त्यानं तोंडावर रुमाल धरला, रडायला की हसायला ते मला आजवर कळलेलं नाही.

आम्ही तिघं परत टेबलाशी बसलो ते या गेल्या रविवारी. मंदारनं ठरवून आणलं होतं. "ठकू मानानं आपल्या गावी परत गेली, असं दाखवू या. पात्र बंद करू." नीलमनं मान हलवली. मी म्हटलं, नाही. तिला तिथं एकटी उभी ठेवू नका, असं आई सांगून गेल्यात. तिनं हाक मारली नाही तर गाव उठणार नाही, आणि गाव उठलं नाही तर ती बांधावरच संपेल. तिची पाळी मी घेते. मी ठकूला पुढं सरकवलं. कपाळावरचं कुंकू तसंच होतं. आईंचे फासे हातात घेतले. पण नियम तो नियम, कुणीतरी 'हळू बोल' म्हटल्याशिवाय ठकू पेटत नाही. मंदारनं तोंड उघडलं, पण त्याला ते म्हणता येईना. नीलम तर खालीच बघत होती. आतला टीव्हीही बंद झाला. मला वाटलं संपलं, ठकू राहिली तिथंच.

तेवढ्यात आतल्या दारात प्रशांत येऊन उभा राहिला. हातात पाण्याचा पेला. अजून हाक झालीच नव्हती, तरी. माझ्याकडं बघून, एकेक शब्द नीट उच्चारत तो म्हणाला,

"बाई... जरा... हळू बोला."

मी हात वर केला आणि ओरडले. "खांड गेली रे..." आवाज अर्ध्यात फाटला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मी पेल्यासाठी हात पुढं केला. प्रशांतनं तो दिला नाही. टेबलावर ठेवला आणि आईंच्या खुर्चीत बसला.

"पाणी मागनं पी," तो म्हणाला. "एवढ्यानं कोण येणार? आईची हाक नदीपलीकडं जायची."

मी खुर्ची मागं सारली आणि उभी राहिले.