प्लास्टिकच्या डब्यात गेलेली भिंगं

इंदूरला आल्यावर मला सायकलचा नाद लागला आणि गेल्या वर्षी त्या नादापायीच मनगट मोडलं. संध्याकाळी अन्नपूर्णा मंदिराकडून घरी येत होते. डोळ्यांवर नंबरचा गॉगल, उजेड कधी गेला कळलंच नाही, आणि स्पीडब्रेकर दिसला तो खाली पडल्यावर.

हाड जुळलं. भीती मात्र मुक्काम ठोकून बसली. म्हणून नवऱ्याने मला भिंगं बदलता येणारा चष्मा आणून दिला, खेळाडू घालतात तसला. माझ्या नंबरच्या दोन जोड्या: उन्हासाठी काळी, कमी उजेडासाठी पारदर्शक. दाबलं की एक निघते, दुसरी खटकन बसते. आता सबब उरली नव्हती, पण मीही काही कमी नाही. रोज सकाळी बूट घालून डायनिंग टेबलाशी बसायची. ढग आहेत म्हणून पारदर्शक लावायची, ऊन आलं म्हणून काळी लावायची, तेवढ्यात कॉलेजला जायची वेळ व्हायची. आता आपल्याच्याने सायकल होणार नाही, असं वाटायचं. नवरा रोज टायरमध्ये हवा तेवढी भरून ठेवायचा.

पुण्यात सगळं एकाच डब्यात कोंबणारा हा माणूस इथे येऊन कचऱ्याच्या बाबतीत भलताच कट्टर झाला आहे. ओला, सुका, प्लास्टिक, सगळं वेगवेगळं. एका सुट्टीच्या सकाळी मी काळी भिंगं बसवली, पारदर्शक जोडी तिच्या पातळ पिशवीत घालून टेबलावर ठेवली आणि फोन घ्यायला आत गेले. परत येते तर टेबल लख्ख.

"इथली पिशवी कुठंय?"

"प्लास्टिकमध्ये टाकली. रिकामीच होती ना?"

"अरे, भिंगं होती त्यात!"

त्याचं तोंड पडलं. डबा नुकताच कचरा गाडीत रिकामा झाला होता आणि गाडीचं गाणं पुढच्या गल्लीतून ऐकू येत होतं.

मी सायकल काढली आणि सुटले. भैयाला इथे भिया म्हणतात; "भिया, साइड!" म्हणून ओरडत भाजीच्या ठेल्याला वळसा घातला. वाटेत स्पीडब्रेकर आला. दिसला, वेग कमी केला, ओलांडला. वळणावर गाडी सापडली.

"दीदी, रुको! मेरे चश्मे के काँच चले गए गाड़ी में!"

गाडीवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "प्लास्टिक में डाले थे?"

"हाँ, पतिदेव ने।"

"फिर तो मिल जाएँगे।"

त्यांनी प्लास्टिकचा खण उघडला. दुधाच्या पिशव्यांच्या वरच माझी पिशवी होती. भिंगांवर एक ओरखडा नाही. नवऱ्याच्या त्या वर्गवारीला मी आजवर किती हसले असेन! हायसं वाटलं, डोळे भरून आले. आणि मग लक्षात आलं की मी सायकलवर बसूनच आहे, एक पाय जमिनीवर टेकवून, आणि स्पीडब्रेकर केव्हाच मागे पडलाय.

नवरा घरातल्या चपलांवरच धापा टाकत पोचला.

"सापडली?"

"सापडली."

"मग उतर बघू. सायकल मी आणतो, तू सावकाश चालत ये."

मी पिशवी त्याच्या हातात दिली.

"तूच जा चालत," मी म्हटलं. "मी बडा गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन येते."