घोडीच्या वाटची पुरणपोळी

आठवीत शाळा सुटली तेव्हा गुरुजी म्हणाले होते, "जा, जनावरं राख." गुरुजींचा शब्द मी खाली पडू दिला नाही. परभणीकडून निघालो तो थेट पनवेलला, कर्नाळ्याच्या अलीकडच्या एका फार्महाऊसवर, बुटक्या पांढऱ्या घोडीच्या सेवेला. मालकीणबाईंनी ना ओळख विचारली ना दाखला. खोली दिली, जेवण दिलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

घोडीवर सगळ्यांचं भलतंच प्रेम. सुट्टीला येणारे पाहुणे तिला गूळ, लाडू, वाढदिवसाचा केकसुद्धा भरवायचे. मग एकदा ती पुढचे पाय ताणून, मागे रेलून उभी राहिली ती हलेचना. खुरांना हात लावला, तर चटका बसावा इतके गरम. पाहुण्यांना वाटलं, पोज देतेय. त्यांनी फोटो काढले.

"दृष्ट लागली," मालकीणबाईंच्या सासूबाई म्हणाल्या. तबेल्याला लिंबू-मिरची लटकली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी खूर दाबून पाहिले. "दृष्ट नाही, गूळ. गोडाने खुराच्या आत सूज आलीय. आता फक्त सुकं गवत, तेही पाण्यात भिजवून, निथळून. आणि पाय बर्फात."

बर्फ दिला दारावर मासळी विकणाऱ्या उरणच्या मावशीने. "तुजी घोडी हाय का पापलेट?" असं म्हणत ती रोज पाटीतला बर्फ माझ्या घमेल्यात ओतायची. घोडीला मासळीचा वास यायला लागला आणि पाहुण्यांचं प्रेम एकदम आटलं. अर्धा इलाज तिथेच झाला.

नालबंदाने वाढलेले खूर तासले. मालकीणबाईंचे साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत नीट चालली तर ठीक, नाहीतर देऊन टाकू." कोणाला, ते बोलले नाहीत. तिच्या मागोमाग माझीही वळकटी निघणार, हे मला कोणी सांगायला नको होतं. माझी झोप उडाली; घोडी मात्र भुशाच्या गादीवर निवांत घोरायची.

तेवढ्यात दसरा आला. सासूबाई ताट घेऊन हजर. पुरणपोळी, वर तूप, शेजारी गुळाचा खडा.

"आजी, डॉक्टर नको म्हणाल्यात."

"दसऱ्याला घोड्याची पूजा करायची आणि नैवेद्य नाही? भरव माझ्यासमोर."

"कोणी बघत असलं की खात नाही हो ती. आजारपणात लाजाळू झालीय."

कॅमेऱ्यासमोर केक खाल्लेली घोडी! पण आजींना पटलं. तबेल्यामागे जाऊन घोडीच्या वाटची पोळी मी खाल्ली. घोडी माझ्याकडे जे काय बघत होती, ते बघवत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर साहेबांनी तिला कडक मुरमावर आणायला लावलं. तिने एक पाय टेकला, थांबली. मग दुसरा टेकला, आणि न लंगडता फाटकापर्यंत गेली. साहेब चहा प्यायला वळले, म्हणजे आमचं दोघांचं इथलं राहणं पक्कं झालं.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "नैवेद्याचा गुण! आता करंज्या करते तिच्यासाठी."

"करा ना, आजी," मी हात जोडून म्हणालो. "भरवायचं मी बघतो."