देवरेकाकांचं लॉगबुक

“मॅडम, या कागदावर विमान उडणार नाही,” असं म्हणत देवरेकाकांनी माझं प्रिस्क्रिप्शन माझ्याच पुढ्यात सरकवलं. बावीस वर्षं नाशिकमध्ये पोटाचे आजार बघतेय मी. कागद असा कुणी परत केला नव्हता.

काका ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्टर. आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, शौचातून रक्त जातं. महिनोनमहिने गप्प बसतो आणि मग एकदम उसळतो. त्याला आम्ही फ्लेअर म्हणतो. मागच्या फ्लेअरला काका तीन आठवडे मिसळीला दोष देत बसले. शेवटी ॲडमिट झाले आणि लेकीचा साखरपुडा हुकला. आता लग्न दीड महिन्यावर. कन्यादानाला पाटावर बसायचं आणि मधे उठायचं नाही, एवढंच त्यांचं मागणं.

“काय चुकलं कागदात?” मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

“‘त्रास वाढल्यास एनिमा घ्यावा.’ वाढल्यास म्हणजे किती? आकडा द्या.”

“ते मी ठरवीन काका. तुम्ही फक्त फोन करा.”

“हे फोन करतील?” शेजारी बसलेल्या काकू कडाडल्या. “मागं रक्त जात होतं तरी तुमच्यापुढं ‘लय बरं हाय’ म्हणले! डॉक्टरला वाईट वाटंल म्हणे!”

मग तिघांनी बसून आकडे ठरवले. रोजच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. रक्त दिसलं किंवा दिवसात चारदा जावं लागलं, की त्याच दिवशी मागच्या वाटेने औषध सोडायचं, म्हणजे एनिमा. लॅबला शौचाचा नमुना आणि मला फोन. ताप आला किंवा रक्ताचे जुलाब सहावर गेले, तर थेट हॉस्पिटल. काकांनी खाली माझी सही घेतली.

पुढच्या खेपेला ते चक्क लॉगबुक घेऊन आले. तारीख, वेळा, रक्त, गोळी. शेवटच्या रकान्यात रोज काकूंची सही!

“ज्याने काम केलं त्यानेच पास करायचं नाही. आमच्याकडचा नियम आहे,” काका म्हणाले.

“पण काकू, तुम्ही तपासता कसं?”

“दाराशी उभी ऱ्हाते. मी बघितल्याबिगर फ्लश करू देत नाय!”

मी टेबलावर डोकं ठेवून हसले. बाहेरचे पेशंट डोकावून गेले.

लग्नाला नऊ दिवस उरले आणि फोन आला. “मॅडम, आज चार. रक्त आहे. एनिमा घेतलाय, डाव्या कुशीवर पडलोय. ही नमुना घेऊन लॅबला निघाली.”

“अहो, मग मी काय करू?”

“तुम्ही लग्नाला या!”

रिपोर्टमध्ये जंतू नव्हते. एनिमा चालू ठेवला. सहाव्या दिवशी रक्त थांबलं.

लग्नाच्या दिवशी देवळा गावी पोचल्या पोचल्या मी आधी बाथरूम कुठे ते बघून ठेवलं. कन्यादान सुरू झालं. गुरुजींना कसली म्हणून घाई नव्हती. नवरदेवापेक्षा मलाच घाम फुटलेला. काका मात्र पाटावर ढिम्म! पाऊण तासाने उठले तशी मी धावले. “काका, डावीकडे, जिन्याखाली!”

“तिकडे कशाला? पंगत उजवीकडे आहे!”

इतका आनंद झाला मला, की मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या. हात धुते न धुते तोच शालू सावरत काकू आल्या. हातात लॉगबुक. “मॅडम, आज मला सवड नाय. तुम्हीच करा सही.”

केली.

तेव्हापासून ‘त्रास वाढल्यास’ असं मी लिहीत नाही. आकडा लिहिते. आणि घरात इन्स्पेक्टर कोण, ते आधी विचारते.