जहाजी नानांची पाचवी चौकट

नवं घर बांधून झालं की नाना त्या घराच्या धाब्यावर पाणी सोडत आणि स्वतः खाली, बरोबर मधल्या खणात, पांढरेशुभ्र कपडे घालून बसत. कपडे नौदलातले. विजार पांढरी, सदरा पांढरा, टोपीही पांढरी, आणि सगळ्याला तांब्यात निखारे घालून केलेली कडक इस्त्री. वर पन्हाळी चिंध्या कोंबून बंद केलेल्या, चुन्याच्या कोब्यावर दोन बोटं पाणी उभं, आणि खाली नाना पाटावर मांडी घालून डोळे मिटलेले. सकाळी बसले की दुपारपर्यंत हलायचे नाहीत. कपड्यावर एक जरी मातकट थेंब पडला तरी उठायचे, टोपी काढून ठेवायचे आणि गवंड्याला म्हणायचे, "चल वर. पुन्हा ठोकायचा कोबा."

ऐन उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, हा माणूस घागरींवर घागरी छतावर ओततो म्हणून बदनापूरच्या बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत. मात्र पावसाळ्यात धाब्यातून टपटप सुरू झाली आणि घरभर पातेली मांडायची वेळ आली की त्याच बायका नवऱ्याच्या मागं लागत, "ते काही न्हाई, आपलंबी घर जहाजी नानांकडून करून घ्या."

जहाजी नाना हे नाव गावानं ठेवलेलं. घर पिढीजात सुतारकीचं. मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास थोरल्या भावाशी कशावरून तरी बिनसलं आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा नाना मुंबईची गाडी पकडून गेले. तिथं जहाजांवर सुतार हवे होते. ज्यांच्या सात पिढ्यांनी दुधना नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, त्या घरातला माणूस आठ वर्षं जहाजावर आणि गोदीत राहिला. पोलीस अॅक्शन झाली, निजामी गेली, आणि त्याच हिवाळ्यात ते परतले. सोबत एक पत्र्याची पेटी, दोन पांढरे जोड आणि हर तऱ्हेच्या गाठी मारायची विद्या.

गावाला त्यांच्याकडून लढाईच्या गोष्टी हव्या होत्या. आमच्या शाळेसमोरच्या ओट्यावर लोक त्यांना घेरून बसत. कुणी विचारी, "नाना, समुद्र कसा असतो?"

"ज्वारी काढल्यावर आपलं रान दिसतंय ना? तसाच. फकस्त एका जागी ऱ्हात न्हाई."

"अन् लढाई?"

"लई आवाज असतो," एवढं बोलून नाना बिडी पेटवत. लोक हिरमुसले होऊन उठत. माझ्या मते त्यांना सांगण्यासारखं खूप होतं, पण तोंड चालवण्यापेक्षा रंधा चालवणं त्यांना जास्त आवडे.

त्यांच्या घरांवर जहाजाची छाप मात्र पक्की असे. परांची बांधताना ते अशा गाठी मारत की वर दहा माणसं नाचली तरी सुटू नयेत, आणि काम संपल्यावर एक टोक ओढलं की सगळी परांची सैल. फळ्यांना पुढून दोन बोटांची पट्टी, म्हणजे भांडी घसरू नयेत. आणि उंबरे? वीतभर उंच! गावातली निम्मी म्हातारी माणसं नानांच्या उंबऱ्यांना ठेचकाळलेली आहेत. माझ्या आईनं एकदा अंगठा चोळत चोळत त्यांना विचारलंच, "नाना, एवढा उंच उंबरा कशापायी?"

"पाणी आत यायला नको, वहिनी."

"अहो, बदनापूरला पाणी विहिरीत येत न्हाई, घरात कुठून येतंय?"

नाना हसले आणि उंबरा तेवढाच ठेवला. हट्टीपणात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, एक त्यांची बायको सोडली तर. पण ती गोष्ट पुढं येईल.

नानांच्या स्वभावात एकच खोट होती आणि ती म्हणजे नाही म्हणता न येणं. कुणाच्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय, कुणाची भिंत पावसानं बसलीय, नाना निघालेच हत्यारं घेऊन. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बुडायची येळ आली की बोटीत आधी दुसऱ्याला चढवायचं, मंग आपण." ऐकायला किती छान! ऐकणारा गहिवरून जाई. फक्त त्यांची बायको, जिला आम्ही सगळे नानी म्हणत असू, चुलीपाशी बसून म्हणे, "बाकीचे चढले समदे. मीच कठड्याला धरून उभी हाय अजून."

नानींचं म्हणणं खोटं नव्हतं. नाना समुद्रावर होते ती आठ वर्षं त्या थोरल्या दिराच्या घरात राहिल्या. जाऊबाई वाईट नव्हत्या, पण घर त्यांचं होतं. नानींच्या वाट्याला माजघराचा एक कोपरा आणि खुंटीवर अडकवलेली एक पिशवी. पोरबाळ झालं नाही. नाना परत आले तेव्हा पहिल्याच पाडव्याला त्यांनी गल्लीच्या टोकाच्या आपल्या जागेवर तीन खणांचं दगडी जोतं घातलं आणि नानींना शब्द दिला, "पावसाळ्याच्या आत घर उभं करतो." कुठला पावसाळा, ते बोलले नव्हते.

ते जोतं वर्षानुवर्षं तसंच राहिलं, आणि नाना-नानींचं राहणं थोरल्या भावाच्याच घरात. वरती आभाळ, चारी बाजूंनी वारा. शेजारणी तिथं मिरच्या आणि कुरडया वाळत घालत. नानी मात्र दर सणाला ते जोतं शेणानं सारवत आणि चार खडे मांडून जिथं उंबरा यायचा तिथं रांगोळी काढत. घर नसलेल्या घराला रांगोळी काढणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. लोक हसत. मीही हसलो आहे, ते आज कबूल करतो.

नाना अगदीच निवांत होते असं नाही. ज्या वर्षी चांगलं सागवान जमे त्या पावसाळ्यात, बांधकामं थंडावली की, ते आपल्या घरासाठी दाराची सागवानी चौकट करायला घेत. काम असं देखणं की बघत राहावं. चौकट पुरी झाली की नानी तिला आठ-आठ दिवसांनी जवसाचं तेल पाजत. आणि दिवाळी उलटली, लग्नसराई जवळ आली, की कुणीतरी हात जोडून दारात उभं! पहिली चौकट गेली घनसावंगीला, नानांच्या एका जुन्या दोस्ताकडं. दुसरी स्टेशनाजवळच्या एका घराला. तिसरी एका विधवा बाईच्या झोपडीला, तिचं दारच वाळवीनं खाल्लं होतं. त्यावर नानीही काही बोलू शकल्या नाहीत.

चौथी माझ्याकडं आली. माझं लग्न ठरलं, वडिलांनी घराला दोन खण वाढवले, आणि चौकटीसाठी मी स्वतः नानांच्या पाया पडलो. शाळेत पोरांना परोपकाराचे धडे शिकवणारा मी, पण गरज पडली तेव्हा त्या बाईचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. चौकट बसवताना हळदीकुंकू वाहायला नानी आल्या. माझ्या नव्या नवरीला म्हणाल्या, "जपा हं, मास्तरीणबाई. चार महिने मी तेल पाजलंय तिला." माझी बायको हसली. मला मात्र तेव्हा तोंड लपवायला जागा उरली नाही.

पाचवी चौकट तयार झाली त्या वर्षी नाना धावड्याला एका मोठ्या घराच्या कामावर गेले, पंधरा दिवसांसाठी, आपली सगळी माणसं घेऊन. जाताना नानींना म्हणाले, "नदीपल्याडच्या पाटलाची गाडी सोमवारी येऊन राह्यली. चौकट देऊन टाक. त्यांच्याकडं लगीन हाय. आपल्याला पुढच्या साली करू." नानींनी मान हलवली. त्या मानेचा अर्थ नानांना कळला नाही, इतकंच.

शुक्रवारी त्या आमच्या ओसरीवर आल्या. "मास्तर, माझी चौथी चौकट तुम्ही नेली. आता माझं एक काम करायचं."

"सांगा ना, नानी."

"जोशीबुवाला इचारा, सोमवारच्या आधी चौकट पुजायला कोणता दिवस बरा हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं एकदा चौकट उभी करून तिला हळदीकुंकू लागलं, खाली सुपारी पडली, तोरण बांधलं गेलं, की ती कुणी काढत नाही. भिंत पडली तरी चौकट राहते. पुजलेली चौकट उपटली तर घरधन्याला बाधतं, असं सगळा मुलूख मानतो, आणि नानाही मानत. जोशीबुवांनी पंचांग उघडलं, रविवार सकाळ सांगितली आणि चष्म्यावरून विचारलं, "पण घर कुठाय?"

"घर मागून येतंय," नानी म्हणाल्या.

रविवारी जोत्यावर आम्ही तिघं. नानी, एक म्हातारा वडार आणि मी. नानांची सगळी माणसं धावड्याला, त्यामुळं चौकट सरळ उभी राहते का ते बघायला ओळंबा धरायचं काम माझ्याकडं आलं. मी शाळेत गणित शिकवत असे, एवढीच माझी लायकी. पायाशी दगड रचले, दोन्ही बाजूंनी बल्ल्यांचे टेकू दिले, नारळ फुटला, नानींनी मळवट भरावा तसं चौकटीला कुंकू लावलं. आजूबाजूला एक भिंत नाही, वर तुळई नाही, आणि मधोमध तोरण बांधलेली चौकट उभी. सोमवारी पाटलाची गाडी आली. गाडीवान कासरा धरून बराच वेळ बघत राहिला.

"काढून घेऊन जा की," नानी गोड आवाजात म्हणाल्या.

"न्हाई बाई. पुजेल चौकट म्या न्हाई काढणार," असं म्हणून त्यानं चौकटीला हात जोडले आणि रिकामी गाडी वळवली.

त्या दिवसापासून नानी दिवसभर जोत्यावर बसू लागल्या. धान्य तिथंच निवडायचं, भाजी तिथंच चिरायची. भेटायला कुणी बाजूनं चढू लागलं की हुकूम सुटे, "तिकडून न्हाई, दारातून या!" आणि चांगली शहाणी माणसं वळसा घालून, उंबरा ओलांडून, त्या उघड्या जोत्यावर 'आत' जात. हेडमास्तरसुद्धा गेले. डोकं लागू नये म्हणून वाकले देखील.

नाना धावड्याहून मोटारीनं आले. हातात हत्यारांची पेटी. गल्लीच्या टोकाला आले आणि थबकले. मग तरातरा जोत्याजवळ जाऊन बाजूनं पाय वर टाकला.

"दारातून या," नानी सुपातून मान वर न काढता म्हणाल्या.

आम्ही चार-सहा जण जोत्यासमोर उभे राहून बघत होतो. नानांनी टाकलेला पाय मागं घेतला. वळसा घातला. दारातून आत आले. पेटीतून ओळंबा काढला आणि चौकटीला लावला.

"एक बोट कललीय. कुणी धरला ओळंबा?"

मी आभाळाकडं बघू लागलो. "मास्तरांनी," नानींनी ताबडतोब सांगून टाकलं.

"काढून पुन्हा बसवावी लागंल."

"पुजलीय ती."

नानांनी ओळंबा गुंडाळून पेटीत ठेवला. उभ्या जिल्ह्यात ज्यांची एक भिंत तसूभर वाकडी नाही, त्यांच्या स्वतःच्या घराची चौकट बोटभर वाकडी, आणि तीही कायमची! मग ते खाली बसले. "इतकी घाई झाल्ती का तुला?" त्यांनी विचारलं.

नानींनी सूप खाली ठेवलं. "अठरा वर्षं झाली लग्नाला. याला घाई म्हणत असतील तर झाल्ती."

पुढचे चार महिने नानांनी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही. कुणी हात जोडून आलं की ते मुकाट्यानं त्या चौकटीकडं बोट दाखवत आणि येणारा काय ते समजून जाई. वाकड्या चौकटीला साजेल अशी भिंत, वाकड्या चौकटीत चपखल बसेल अशी दारं. ती कापताना त्यांना जेवढा त्रास झाला तेवढा, मला वाटतं, लढाईतही झाला नसेल. पण दार लागलं की केस जाणार नाही, असं बसलं.

आता नाना नाहीत, नानीही नाहीत. नानांची आठवण काढणारे लोक त्यांच्या घरांविषयी बोलतात, कोब्याविषयी बोलतात. मला आठवतो तो त्यांच्या स्वतःच्या वास्तुशांतीचा दिवस.

होम झाला, आरती झाली. पंगतीची पानं मांडायला घ्यायची तेवढ्यात नानी म्हणाल्या, "समदे जरा बाहेर व्हा." आम्ही निघालो. जाऊबाई निघाल्या, जोशीबुवा निघाले. नाना तिथंच उभे होते. "तुम्हीबी," नानी म्हणाल्या. सगळे अंगणात आल्यावर दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

भात निवत होता. जोशीबुवा चुळबुळू लागले. जाऊबाई दारावर हात मारायला पुढं झाल्या तशी पायरीवर बसलेल्या नानांनी त्यांना अडवलं. "राहू द्या वहिनी. लगीन झाल्यापासून तिला कडी लावायला दार कुठं होतं?" माझ्या घरात उभी असलेली ती चौथी चौकट मला त्या क्षणी नको झाली.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. नानींचे डोळे लाल होते, पण त्यांनी तोंड धुतलं होतं, कुंकू नवं लावलं होतं. पायरीवरच्या नवऱ्याकडं पाहून त्यांनी डोईवर पदर घेतला आणि पहिल्यांदाच घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाल्या, "या. आत या."

नाना उठले. चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि आत जाऊन तसेच उभे राहिले. जिल्ह्यातल्या शंभर घरांत सगळ्यांच्या आधी बसलेला तो माणूस इकडं तिकडं बघत होता.

"कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

"कुठंबी बसा," नानी म्हणाल्या. "आपलंच हाय."