कॉलरीतलं नाव

पुंजाराम टेलर लेबल निवडत होता. पंधरा दिवस झाले, निवडतच होता. छावणीच्या बाजारामागं त्याचं पत्र्याचं दुकान. मशीनच्या पाटावर विणलेल्या लेबलांचे नमुने मांडलेले. त्यातला एकेक नमुना तो आपल्याच सदऱ्याच्या कॉलरीत टाचायचा, दिवसभर मानेवर वागवायचा, संध्याकाळी धुवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचा.

नमुने आणणारा शफी वैतागून गेला. त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या हिमरूचं नक्षीदार कापड विणायचे. माग थांबले तसा तो मुंबईहून लेबलं विणून आणून शहरातल्या शिलाईवाल्यांना पुरवू लागला होता.

"क्या मास्टर, लेबल बघताय का सोयरिक? जातपात बी विचारता का त्याची?"

"ते काम तुमच्या नानासाहेबांचं. मी फकस्त टोचतंय का तेवढं बघतो."

नानासाहेबांची गुलमंडीवर मोठी पेढी. वाळूजला कारखाने आले, त्यांच्यामागं साहेबलोक आले, साहेबांच्या बायका आल्या. त्यांच्यासाठी नानासाहेबांनी हिमरूची जाकिटं आणि पर्सा काढल्या. बेतणारा पुंजाराम. छावणीत लष्करी कोट बेतून बेतून त्याचा हात असा बसला होता, की त्याचं जाकीट खांद्यावर ठेवलं की माणूस आपोआप ताठ व्हायचा.

"माल भारी तर लेबल भारी," नानासाहेब म्हणाले होते. "मान खाजवली की गिऱ्हाईक गेलं. मास्टर, तुम्हीच निवडा."

"निवडतो. पण दुकानाच्या नावासंगं माझं बी इणायचं. बेतणी पुंजाराम. बाकी काय नाय."

"अहो, घाला की! त्यात काय एवढं?" नानासाहेब हसले.

आता कुणी म्हणेल, बोटभर चिंधीवर नाव आलं काय अन् न आलं काय. ज्यांची नावं शाळेच्या पाटीपासून बँकेच्या पाटीपर्यंत जागोजाग रंगवलेली आहेत, त्यांनी खुशाल म्हणावं. पुंजारामला ते परवडणारं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली तो गंगापूरकडच्या एका खेड्यात होता. अख्ख्या गावाचे कपडे तोच शिवायचा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावानं त्याचा राग बौद्धवाड्यावर काढला. घासलेटचा डबा घेऊन जो सगळ्यात पुढं आला, त्याची पुंजारामला आधी कॉलर दिसली. टोकं कशी झकास बसली होती! लग्नासाठी शिवून दिलेला शर्ट. तोंड त्यानं नंतर पाह्यलं. पेटत्या घरातून मशीन ओढून काढताना वरचं लाकूड मानेवर कोसळलं. तिथली कातडी पुढं भरून आली, पण अशी हळवी झाली की साधं धाग्याचं टोकही तिला खुपायचं.

"शर्टावर माझं नाव असतं, तर त्याचा हात थांबला असता का गं?" शहरात आल्यावर एकदा त्यानं भामाबाईला, बायकोला, विचारलं होतं.

"नसता थांबला," ती म्हणाली. "पर कुणाचं घर पेटवतोय ते गळ्याशी राह्यलं असतं त्याच्या."

नामांतराचा एकही मोर्चा दोघांनी चुकवला नाही. काठ्या खाल्ल्या, तो अकरा दिवस आत जाऊन आला. भामाबाईला अक्षर येत नव्हतं, घोषणा मात्र सगळ्या तोंडपाठ.

तर लेबल. शेवटी दोनच उरली. एकाच्या दोन्ही कडा आत दुमडलेल्या, ते सपाट बसायचं. दुकान आणि पुंजाराम, दोन्ही नावं एकाखाली एक, सरळ समोर येणार. दुसरं मधोमध दुमडलेलं, टोकं कॉलरीच्या शिवणीत गडप, बाहेर नुसती मऊ घडी लोंबती. दुकानाचं नाव घडीच्या पुढच्या बाजूवर येणार, पुंजारामचं मागच्या.

पहिलं त्यानं पाच दिवस घातलं. दोन्ही कोपरे तासाभरात मान खायला लागायचे. दुसरं घातल्याचं संध्याकाळपर्यंत ध्यानातही आलं नाही.

"मास्टर, मेरी सुनो," शफी समजावणीला आला. "कोपरे तुमच्या त्या जळक्या मानेला लागतात. साहेबलोकांना काय कळणार? पहिलंच घ्या. दुसऱ्यात तुमचं नाव मागं जातंय."

पुंजारामनं दोन्ही लेबलं बोटात धरली. मन पहिल्यावर होतं. पण जे आपल्याला टोचतं ते दुसऱ्याच्या मानेला लावायचं, हे त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

"दुसरं," तो म्हणाला. "मागं तर मागं. उलटून बघणारा बघंल."

जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी गठ्ठा आला. शफीनं तो पाटावर ठेवला आणि चहालाही थांबला नाही. पुंजारामनं एक लेबल उलटलं. मागच्या बाजूवर बारीक इंग्रजी ओळी. हलक्या हातानं धुवा, सावलीत वाळवा.

दुसरं उलटलं. तिसरं. सगळ्यांवर तेच.

तो तसाच चालत गुलमंडीवर गेला.

"मास्टर, मागची बाजू धुण्याच्या सूचनांची असते," नानासाहेब शांतपणे म्हणाले. "सगळीकडं तसंच असतं. दोन्ही नावं समोर येणारं लेबल होतं की. घडी तुम्हीच निवडली ना?"

"शबूद दिला व्हता तुमी."

"दिला होता. पुढं जागा राहिली असती तर घातलंच असतं. मी कुठं नाही म्हणालो?"

विद्यापीठासाठी सोळा वर्षं रस्त्यावर घसा फोडलेला माणूस. पण बोटभर चिंधीसाठी कुठल्या चौकात उभं राहायचं, कुणाला हाक द्यायची, त्याला सुचेना. परत आला. जाकिटं बेतून पडली होती. आपला बेत दुसऱ्याच्या हातात देववेना, म्हणून मशीनवर बसला.

संक्रांतीला बातमी आली. वस्ती ढोल-ताशांसकट विद्यापीठाच्या गेटाकडं लोटली. बाबासाहेबांचं नाव लागलं, मराठवाडाही राहिला. कुणी म्हणत होतं, नामांतर मागितलं, नामविस्तार दिला. कुणी म्हणत होतं, आज तरी वाद नको, नाचू द्या. पुंजाराम गेला नाही. अंगात कणकण आहे म्हणाला.

दुपारी भामाबाई आली. कपाळ, केस सगळे निळे. बोलून बोलून आवाज पार बसलेला.

"तुमी पायजे व्हते," ती म्हणाली. "म्हातारी म्हातारी माणसं रडत व्हती." मग तिला पाटावरचं जाकीट दिसलं. "अगं बाई, लेबलं आली व्हय? अन् बोलला न्हाईत! कुठंय तुमचं नाव? दावा की."

त्यानं जाकीट पुढं केलं. तिनं हात पदराला पुसले, कॉलर उघडली. पहिल्या बाजूला थांबली.

"हे दुकानाचं."

"व्हय."

तिनं हलकेच घडी उलटली. त्या बारीक ओळींवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"किती बारीक इणलंय ओ. अन् केवढं लांब! आडनावासकट घातलं?"

पुंजारामनं मशीनची सुई वर घेतली. दोरा ओवलेलाच होता, तरी त्यानं तो काढला आणि पुन्हा ओवायला लागला.

"व्हय," तो म्हणाला. "समदं घातलंय."